खाणीतली माती, घराची भिंत

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार मात्र घोडेगावाहून चालतो. मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता या गावातून जातो. त्या रस्त्याच्या कडेला आज कोठे ना कोठे नवे घर उठताना दिसतेच. खडीचा ढीग, लोखंडी सळ्यांचा भारा, पाण्याचे पिंप आणि ताडपत्रीखाली रचून ठेवलेली सिमेंटच्या पिशव्यांची थप्पी, हे दृश्य तुम्ही येता-जाता पाहिलेले आहे. परंतु त्या पिशवीवर काय छापलेले असते, हे तुमच्यापैकी किती जणांनी वाचून पाहिले आहे?

पुष्कळशा पिशव्यांवर ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ असे नाव इंग्रजी अक्षरांत असते आणि त्याखाली, ‘फ्लाय ॲश’ घालून केलेले, असा खुलासा असतो. पोर्टलँड हे इंग्लंडातील एका जागेचे नाव, पोझोलाना हे इटलीतील एका गावावरून आलेले नाव, आणि फ्लाय ॲश म्हणजे उडती राख. घर पक्के व्हावे म्हणून आपण पैसे मोजून सिमेंट आणतो आणि त्यात राख! दुकानदाराने फसविले की काय, अशी शंका एखाद्याला येईल. शंका रास्त आहे; पण फसवणूक मात्र नाही. ही राख तेथे कशी आली आणि ती तेथे काय काम करते, ही मोठी मनोरंजक हकीकत आहे. ती समजण्यासाठी आपल्याला प्रथम सिमेंट नव्हते त्या काळात जावे लागेल.

आपल्या आजोबा-पणजोबांचे वाडे चुन्यात बांधलेले असत. ओढ्याकाठी व काळ्या जमिनीत चुनखडीचे जे खडे सापडतात, ते गोळा करून भट्टीत भाजीत. भाजून निघालेल्या खड्यांना कळीचा चुना म्हणत. त्यावर पाणी घातले की तो फसफसून उकळू लागे आणि फुटून त्याचे पीठ होई. मग तो घाणीत पडे. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत दगड बसवून केलेली वर्तुळाकार पन्हळ. तीत एक जड दगडी चाक फिरे आणि चाकाला बैल जुंपलेले असत. अशा घाणींचे अवशेष कित्येक किल्ल्यांवर अजून दिसतात. किल्ला पाहताना आपण तोफा शोधतो, बुरुज मोजतो. ज्या चाकाने तो बुरुज सांधला गेला, त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही.

घाणीत नुसता चुना मळीत नसत. त्यात वाळू असे, गुळाचे पाणी असे, आणि कोठे कोठे हिरड्याचा काढाही असे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरांत आदिवासी बांधव आजही हिरडा गोळा करतात. औषधात पडणारे हे फळ एके काळी भिंतीच्याही उपयोगी पडे. पण या सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे सुरखी. सुर्ख हा फारसी शब्द. त्याचा अर्थ लाल. विटांच्या चुऱ्याला सुरखी म्हणत. भट्टीत तुटलेल्या, वेड्यावाकड्या निघालेल्या, कोणी विकत न घेणाऱ्या विटा कुटून हे लाल पीठ करीत आणि ते चुन्यात मिसळीत.

असे का करीत? भाजलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. पण याला हवा लागते. विहिरीच्या, हौदाच्या किंवा धरणाच्या बांधकामात, जेथे सदैव पाणी असते, तेथे नुसता चुना वर्षानुवर्षे ओलाच राहील. सुरखी मिसळली म्हणजे मात्र तो पाण्याखालीही घट्ट होतो. कारण आता तो हवेची वाट पाहत नाही. विटेच्या पिठात जी सिलिका असते, म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य, तिच्याशी तो संयोग पावतो. वाळूही सिलिकाच, मग वाळूने हे काम का होत नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर पुढे येईल. तोवर हा प्रश्न मनात ठेवा.

आता थोडा दूरचा प्रवास करू. इटलीत नेपल्स शहराजवळ पोत्सुओली नावाचे गाव आहे. तो सारा प्रदेश ज्वालामुखींचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांना असे आढळले, की तेथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली तर ते मिश्रण समुद्राच्या पाण्यातही दगडासारखे कठीण होते. त्यांनी त्या मिश्रणाची बंदरे बांधली. रोम शहरातील पॅन्थिऑन या मंदिराचा घुमट त्याच पद्धतीचा आहे. त्याचा व्यास सुमारे ४३ मीटर असून त्यात लोखंडाची एक सळईसुद्धा नाही. तरी तो सुमारे एकोणीसशे वर्षे उभा आहे. पोत्सुओलीच्या राखेवरून अशा सर्व पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले. आपली सुरखी हीदेखील पोझोलानाच. रोमन गवंडी आणि आपले गवंडी यांनी एकच युक्ती योजली. एकाने ज्वालामुखीच्या राखेने, दुसऱ्याने विटेच्या पिठाने. आणखी एक गंमत अशी, की सिमेंट हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ दगडाच्या कपच्या असा आहे. खाणीतील कपची हीच सिमेंटची पणजी म्हणावयाची!

ज्वालामुखीची राख पाहण्यासाठी इटलीलाच जावे लागते, असेही नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक येथे अशा राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या स्फोटातून, हजारो किलोमीटर वाऱ्यावर वाहून येथे पडली. तिच्या वयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या थराचा अभ्यास केला आणि देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना बोरीचे नाव ठाऊक झाले. ही राख चुन्यात मिसळण्याचा विचार मात्र कोणी करू नये. तो पृथ्वीच्या इतिहासाचा एक कागद आहे, आणि त्याची दुसरी प्रत जवळपास नाही.

पिशवीवरचा पोर्टलँड हा शब्द १८२४ सालचा. त्या वर्षी इंग्लंडातील लीड्स शहरच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने चुनखडी व माती एकत्र भाजून, दळून एक पूड तयार केली आणि तिचे हक्क सरकारदरबारी नोंदविले. ती घट्ट झाली म्हणजे पोर्टलँड येथील प्रसिद्ध इमारती दगडासारखी दिसे, म्हणून तिला पोर्टलँड सिमेंट हे नाव दिले. पुढे या कृतीत पुष्कळ सुधारणा झाल्या. आज चुनखडी व माती फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. तिच्यातून गोट्यांसारखे काळपट खडे बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून दळले की सिमेंट होते. घाणीत महिनोन्महिने घालविण्याची गरज उरली नाही, पाण्यातही काम होऊ लागले, आणि बैल, घाणी व सुरखी तिन्ही मागे पडली.

एवढी चांगली वस्तू मिळाल्यावर पुन्हा राखेकडे वळण्याचे कारण काय? कारण भट्टीच्या धुरात आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर चुना किती मिळतो? केवळ ५६ किलो. उरलेले ४४ किलो कोठे जातात? ते कार्बन डायऑक्साइड वायू होऊन हवेत जातात. हा वायू जळणाचा नव्हे. तो दगडातच बांधलेला होता, आणि दगड फुटताच मोकळा झाला. जळणाचा धूर याहून वेगळा. दोन्ही मिळून एक किलो क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ८५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगात दरवर्षी सुमारे चारशे कोटी टन सिमेंट तयार होते, आणि सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल आपल्या देशाचा क्रमांक आहे. माणसाच्या उद्योगांतून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातील शेकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा असतो. या वायूमुळे पृथ्वीवरची उष्णता वाढते, आणि पावसाचे मानही बिघडते, हे तुम्ही विज्ञानात शिकलेलाच आहात. भट्टीला सूर्याची उष्णता दिली, तरी ते ४४ किलो सुटणारच. म्हणून खरा उपाय एकच उरतो : क्लिंकर कमी वापरावयाचे. आणि त्याची जागा घेण्यासाठी दुसरे काही तरी शोधावयाचे.

ते दुसरे काही तरी आपल्या खाणींनी आधीच ढिगांनी काढून ठेवले आहे.

खाणीतून हवी असलेली वस्तू कधी एकटी येत नाही. चंद्रपूरकडचा कोळसा घ्या. तो जमिनीच्या पोटात ज्या काळी तयार झाला, त्या काळी त्यात नद्यांनी आणलेली मातीही मिसळली. आपल्या देशातील कोळशाच्या शंभर किलोंत बहुधा तीस-चाळीस किलो अशी न जळणारी माती असते. वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळून जाळतात. कोळसा जळतो, माती उरते. म्हणजे जिला आपण राख म्हणतो, ती वस्तुतः खाणीतून कोळशाच्या पाठीवर बसून आलेली मातीच होय. तिचा जड भाग भट्टीच्या तळाशी पडतो. हलका भाग धुराबरोबर वर उडतो. तो विजेच्या बळावर धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांत अडकतो. तीच उडती राख.

लोखंडाचेही तसेच. धातूच्या दगडात लोखंडाबरोबर माती-वाळू असते. झोतभट्टीत चुनखडी घालून ती वितळवितात आणि लोखंडावर साय आल्यासारखी ती वर तरंगते. तिला धातुमळी म्हणतात. रायगड जिल्ह्यात डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. तेथील मळीपासून सिमेंट तयार होते. ‘टाकाऊ’ हा शब्द मोठा फसवा आहे. तो टाकणाऱ्याने केला. उचलणाऱ्याला कोणी विचारले नाही.

आता मघाचा प्रश्न. वाळू आणि राख, दोहोंतही सिलिका. मग एक चुन्याशी संयोग पावते आणि दुसरी का पावत नाही? घरी चिक्कीसाठी गुळाचा किंवा साखरेचा पाक करताना आई त्याचा एक थेंब गार पाण्यात टाकून पाहते. तो थेंब एकदम गार होतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. उलट, साखरेचाच पाक दोऱ्यावर कित्येक दिवस सावकाश निवू दिला, तर त्याची खडीसाखर होते. साखर तीच, पण खडीसाखरेत तिचे कण कवायतीतील मुलांसारखे ओळीने उभे राहिलेले असतात, आणि थेंबात ते मधल्या सुट्टीतील मुलांसारखे जसे असतील तसे थिजलेले असतात. वाळू ही खडीसाखरेसारखी आहे. तिचे कण आपली ओळ सोडून सहसा कोणाशी मिसळत नाहीत. राखेचे कण भट्टीच्या ज्वाळेत वितळले आणि धुराबरोबर उडता उडता झटकन निवले. म्हणून ते काचेसारखे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते इवल्या इवल्या गोल मण्यांसारखे दिसतात. चुना भेटताच ते त्याच्याशी संयोग पावतात. मळीवरही याचसाठी पाण्याचे जोरदार फवारे सोडतात. ती एकदम निवाली तर तिची काचेसारखी रवाळ वाळू होते व सिमेंटच्या उपयोगी पडते; सावकाश निवू दिली तर तिचा निव्वळ दगड होतो, त्याची खडी करता येईल एवढेच.

पण सिमेंटात चुना कोठून आला? सिमेंटात पाणी पडले म्हणजे ते घट्ट होऊ लागते आणि त्या वेळी त्यातून थोडा चुना मोकळा सुटतो. हा चुना भिंतीला बळ देत नाही. पाणी झिरपले तर तो पांढरे डाग होऊन बाहेरही येतो. राख या मोकळ्या चुन्याला धरते आणि त्याचे सिमेंटासारखेच बांधणारे द्रव्य करते. दोन निरुपयोगी गोष्टी एकत्र येतात आणि भिंतीतील सूक्ष्म छिद्रे भरून काढतात. आपल्या देशातील नियमाप्रमाणे अशा सिमेंटात शंभर भागांत १५ ते ३५ भाग राख घालता येते. मळीच्या सिमेंटात मळीचे प्रमाण ७० भागांपर्यंत जाऊ शकते. पन्नास किलोच्या पिशवीत तीस टक्के राख असेल, तर पंधरा किलो राख झाली. तेवढे क्लिंकर वाचले म्हणजे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड किती वाचला, हे तुम्हीच काढा. आकडे वर दिलेले आहेत. एका साध्या घराला शेकड्यांनी पिशव्या लागतात.

राख वापरली नाही, तर ती कोठे जाते, हेही पाहिले पाहिजे. आपल्या देशात दरवर्षी वीस कोटी टनांहून अधिक राख निघते. ती पाण्यात कालवून मोठमोठ्या तलावांत सोडतात. उन्हाळ्यात तलावाचे काठ सुकले की राख वाऱ्यावर उडते आणि भोवतालच्या गावांतील पिकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माणसांच्या श्वासात जाऊन बसते. पावसाळ्यात भीती वेगळी. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व नाल्यांत शिरला. ज्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात तो चिखल शिरला, त्याला ‘राखेचे उपयोग’ या विषयावरील व्याख्यान ऐकवून भागणार नाही. १९९९ साली केंद्र सरकारने वीजकेंद्रांच्या परिसरातील वीटभट्ट्यांनी व बांधकामांनी राख वापरावी असा नियम केला. नंतर तो अधिकाधिक कडक होत गेला. चंद्रपूर जिल्ह्यात तर कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र आणि घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर येथील सिमेंटचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. तेथे राखेला फार दूर जावे लागत नाही.

राखेचे मोठे काम पाहावयाचे असेल, तर जुन्नरच्या उत्तरेस हरिश्चंद्रगडापलीकडे जावे. भंडारदऱ्याजवळ घाटघर येथे घाटमाथ्यावर एक आणि खाली कोकणाच्या बाजूला एक अशी दोन धरणे बांधून, पाणी वर चढवून व खाली सोडून वीज तयार करतात. तेथील वीजनिर्मिती २००८ साली सुरू झाली. (नाणेघाटाजवळचे घाटघर हे जुन्नर तालुक्यातील निराळे गाव, नावसाधर्म्यामुळे घोटाळा होतो.) ही धरणे बांधताना काँक्रीट रस्त्यावरच्या मुरमासारखे थरांनी पसरले आणि त्यावर रूळ फिरवून दाबले. या पद्धतीने बांधलेली ही देशातील पहिली धरणे. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटापेक्षा राखच अधिक होती! याला कारण आहे. सिमेंट घट्ट होताना तापते. घराच्या भिंतीत ती उष्णता सहज निघून जाते; धरणाच्या प्रचंड पोटात ती कोंडून राहते आणि निवताना काँक्रीटला तडे जातात. राख सावकाश काम करते, म्हणून धरण फारसे तापत नाही.

सावकाशपणा हा येथे गुण ठरला. घरबांधणीत मात्र तो सांभाळावा लागतो. राखेच्या सिमेंटाला बळ यावयास अधिक दिवस लागतात. साध्या सिमेंटच्या कामावर निदान ७ दिवस पाणी मारावे, राख घातलेल्या सिमेंटच्या कामावर निदान १० दिवस, असा नियम आहे. कडक उन्हात याहूनही अधिक. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे तीन दिवस फार मोठे असतात. पुष्कळ लोक चौथ्या दिवशीच पाणी बंद करतात आणि पुढे भिंतीला भेगा पडल्या म्हणजे राखेला दोष देतात. यात राखेचा अपराध तो काय?

याचा अर्थ खाणीतील प्रत्येक ढिगाचे सिमेंट होते, असा मात्र नाही, आणि असे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून दूरच राहावे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण फोडून खडी करताना जी भुकटी पडते, ती गावोगावच्या खडीयंत्रांपाशी साठलेली असते. हा पाषाणही एके काळचा लाव्हाच. पण तो सावकाश निवला, त्याच्यात खडीसाखरेसारखे स्फटिक पुष्कळ आहेत, म्हणून त्याची भुकटी चुन्याशी फारसा संयोग पावत नाही. ती सिमेंटची जागा घेऊ शकत नाही. तिने वाळूची जागा घ्यावी. चाळून, धुऊन, योग्य आकाराचे कण ठेवले तर ती चांगली वाळू होते, आणि त्यामुळे नदीचे पात्र उपसावे लागत नाही. एक बांधणारे, दुसरे जागा भरणारे, एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुरे. नागपूरजवळ भानेगाव व गोंडेगाव येथे कोळशाच्या खाणींवरचा जो वालुकामय थर काढून टाकावा लागतो, तो धुऊन त्यातून बांधकामाची वाळू काढतात. गोव्यात डिचोली, सांगे या भागांत लोखंडाच्या खाणींचे तांबडे डोंगर उभे आहेत. पावसात त्यांची माती वाहून भातखाचरांत जाते. त्यांतून विटा करता येतील काय, याचे प्रयोग झाले आहेत. परंतु खाणीच्या कचऱ्यात कधी कधी विषारी धातूही असतात. ते पाण्यात उतरत नाहीत ना, याची प्रयोगशाळेत परीक्षा झाल्यावाचून असा कचरा घराच्या भिंतीत घालणे बरे नव्हे.

या हकीकतीचा सर्वांत नवा भाग मात्र सुरखीकडे परत नेणारा आहे. कोळशाची वीजकेंद्रे एक दिवस कमी होतील, तेव्हा राखही कमी होईल. मग क्लिंकरची जागा कोणी घ्यावयाची? स्वित्झर्लंडमधील लोझान येथील विद्यापीठात कॅरेन स्क्रिव्हनर या विदुषींनी यावर काम केले. त्यांनी, क्यूबातील संशोधकांनी आणि आपल्याकडील दिल्ली व मद्रास येथील आय. आय. टी. संस्थांतील संशोधकांनी मिळून याचे उत्तर शोधले. त्यांनी घेतली भाजलेली माती! चिनी मातीच्या बरण्या ज्या जातीच्या मातीपासून होतात, त्या जातीची, पण बरण्यांना न चालणारी हलकी माती ७०० ते ८५० अंशांपर्यंत भाजावयाची. तीत न भाजलेल्या चुनखडीची पूड मिसळावयाची. ही चुनखडीही क्लिंकरला न चालणारी, खाणीच्या काठावर पडून राहिलेली असली तरी चालते. अशा सिमेंटात क्लिंकर शंभरात पन्नास भाग, भाजलेली माती तीस, चुनखडी पंधरा आणि जिप्सम पाच, असे प्रमाण ठेवता येते. साध्या सिमेंटच्या मानाने यात कार्बन डायऑक्साइड सुमारे तीस ते चाळीस टक्के कमी सुटतो. २०२३ साली भारतीय मानक संस्थेने या सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले. म्हणजे आता ते रीतसर तयार करता व विकता येते.

यात एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. माती फार भाजली तर तिचे कण पुन्हा ओळीने उभे राहतात आणि ती निरुपयोगी होते. कमी भाजली तर ती जागीच होत नाही. जुने गवंडी सुरखीसाठी फार भाजून काळ्या पडलेल्या विटा घेत नसत. किंचित कच्च्या, लाल विटाच निवडीत. त्यांच्यापाशी उष्णतामापक नव्हता. विटेचा रंग आणि ठोकल्यावर निघणारा आवाज एवढ्यावरून ते जी विटेची पारख करीत, ती आजच्या प्रयोगशाळेतील आकड्यांशी जुळते.

उपयोगी पडणारी ही मातीची जात तांबड्या मातीतही थोड्याफार प्रमाणात असते, आणि तांबडी माती भीमाशंकरच्या माथ्यावर आहे. म्हणून उद्या कोणी कुदळ घेऊन तेथे जाईल काय? तेथे शेकरूचे अभयारण्य आहे, हिरड्याची झाडे आहेत, आणि घोड नदी त्याच डोंगररांगेत उगम पावते. नवी माती खणून पर्यावरण वाचविणारे सिमेंट करणे, हा उलटाच व्यापार होईल. चिनी मातीच्या, चुनखडीच्या, कोळशाच्या ज्या खाणी आज चालू आहेत, त्यांच्या काठांवर वर काढून टाकलेल्या मातीचे ढीग पडलेले आहेत. त्यांपैकी कोणत्या ढिगातील माती भाजण्यास योग्य आहे, याची तपासणी संशोधक करीत आहेत. ढीग पुष्कळ आहेत, आणि ते काम अजून बरेच शिल्लक आहे.